दाब, धर, सोड

वार्षिकांकाची सूचना फळ्यावर लागली की आमच्या वर्गातल्या लेखण्यांना बहर येतो. बहुतेकांचे विषय ठरलेले : आई, पाऊस, गेला बाजार एखादी सहल. माझ्या लेखात आई आहे. पाऊस मात्र नाही. त्याऐवजी ब्रेक ऑईल आहे. मी विषय सांगितला तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हा कला महाविद्यालयाचा अंक आहे, आय. टी. आय.चा नाही." मग जरा थांबून म्हणाले, "लिही. पण कार्यशाळेची वही करू नकोस." प्रयत्न करते.

आमच्या घरी एक मारुती आठशे आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली पहिल्या मालकाच्या हाती दिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी तयार होऊन ही जात संपली. आमची १९९८ सालची. म्हणजे बरोबर मधल्या पिढीतली. आमच्याकडे ती आली तोवर तिचे दोन संसार होऊन गेले होते. अण्णांनी (अण्णा म्हणजे माझे वडील) अठरा वर्षे काळी-पिवळी चालवली. आत दहा, मागे लटकलेले चार आणि टपावर शेळीचे एखादे पिल्लू, अशी ती वाहतूक. पुढे अण्णांना मधुमेह निघाला, काळी-पिवळी विकली, आणि त्या पैशातला एक तुकडा मोडून ही पांढरी गाडी घरी आली. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या मुलखात साखर रक्तातही वाढायला लागली आहे, याची नोंद अजून कोणत्या भूगोलाच्या पुस्तकात आलेली नाही.

२०२२ ची रामनवमी १० एप्रिलला होती. माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली. आम्ही सगळे जांबेला गेलो होतो. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. रामाचा आणि समर्थांचा जन्मदिवस एकच, त्यामुळे त्या दिवशी तिथे काय गर्दी असते ते इथल्या वाचकांना सांगायला नको. परतताना दिवेलागण झाली होती. मागे माय, मोठी माय आणि माझी चार वर्षांची भाची. पुढे अण्णांच्या शेजारी मी.

त्या वर्षीचा ऊस आठवत असेल. डाव्या कालव्याचे पाणी होते, पाऊस झाला होता, आणि मराठवाड्यात ऊस एवढा उभा राहिला की कारखाने जूनपर्यंत धुराडी पेटवून बसले होते. एप्रिल असूनही रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. मागे ना दिवा, ना लाल कापड. अशीच एक ट्रॉली वळणापलीकडे बंद पडून उभी होती. आमच्या दिव्याच्या उजेडात आधी उसाची लोंबणारी वाढे दिसली आणि मग लक्षात आले की ती हलत नाहीत.

अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी तशीच चालली.

त्यांनी दुसऱ्यांदा दाबला. या खेपेला गाडी नाकावर बसल्यासारखी झाली आणि थांबली. उसाचे एक टिपरू काचेला टेकले होते. मी पुढून ते हाताने बाजूला करू शकले असते, एवढेच अंतर. मागे कोणी ओरडले नाही. भाची झोपलेली होती, ती झोपूनच राहिली. मोठी मायने "राम राम राम" एवढेच म्हटले, आणि त्या दिवशी ते सगळेच म्हणत होते.

अण्णा खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला मातीत बसले. बराच वेळ त्यांनी उजव्या पायाची चप्पल काढून तळव्यावरून हात फिरवला. घरी आल्यावर किल्ली देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "बास झालं आता. पायच गेला माझा."

या वाक्यामागे एक गोष्ट होती. आदल्या वर्षी जालन्याच्या डॉक्टरांनी अण्णांना डोळे मिटायला सांगून एका बारीक नायलॉनच्या दोऱ्याने तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श केला होता. "लागलं की सांगा." दहा वेळा दोरा टेकला, अण्णांनी चार वेळा 'हो' म्हटले. मधुमेहात पायाच्या नसा मंद होतात, म्हणून अनवाणी फिरायचे नाही, रोज तळवे पाहायचे, असे त्यांनी बजावले. अण्णांनी ते सगळे ऐकले आणि घरी येऊन कोणाला सांगितले नाही. मला माहीत होते कारण मी सोबत होते. आता ट्रॉलीपुढे ते सहा न लागलेले दोरे त्यांना आठवले असणार. अठरा वर्षे ज्या पायाने चौदा-चौदा माणसे सुखरूप पोहोचवली, त्या पायाने घरची चार माणसे मारली असती, असा त्यांचा हिशेब झाला होता.

मला तो हिशेब पटेना. मी शेजारी बसले होते. पाय खाली गेलेला मी पाहिला होता. चांगला गुडघ्यापासून गेला होता. पण नववर्षीच्या पोरीने सांगावे तसे ते वाटले असते. काही बोलायचे तर हातात पुरावा हवा.

दुसऱ्या दिवशी अण्णा शेतात गेल्यावर मी किल्ली घेतली आणि गाडीत बसले. गाडी जागच्या जागी, इंजिन बंद. ब्रेकचे पेडल दाबले. ते उशीत पाय रुतावा तसे मऊमऊ खाली गेले. लगेच दुसऱ्यांदा दाबले तर वरच अडले. तिसऱ्यांदा आणखी वर. मग तसेच दाबून धरून ठेवले आणि मोबाईलवर एक मिनिट मोजले. पेडल होते तिथेच राहिले, हळूहळू खाली सरकले नाही.

हे मी मनाने केले नाही. हिंदीतल्या चार चित्रफिती रात्री जागून पाहिल्या होत्या आणि गाडीच्या खणातले फाटके पुस्तक वाचले होते. त्यातून कळले ते असे : धरून ठेवलेले पेडल आपोआप बुडत असेल तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेले, किंवा कुठे तरी धो-धो गळती आहे. पण पंप मारल्यावर पेडल वर येत असेल आणि पायाला रबरी लागत असेल, तर आत हवा शिरली आहे, किंवा मागच्या चाकांत शू आणि ड्रम यांच्यात फट जास्त झाली आहे. किंवा दोन्ही.

आता हवा शिरली म्हणून एवढे काय बिघडते, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. ग्रंथालयातल्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात पास्कल नावाचा फ्रेंच विचारवंत भेटतो. ईश्वर, श्रद्धा आणि माणसाचे दुबळेपण यांवर लिहिणारा, १६६२ साली एकोणचाळिसाव्या वर्षी वारलेला. शाळेत विज्ञानाच्या तासाला 'पास्कलचा नियम' घोकला होता, पण हे दोघे एकच हे मला ब्रेकमुळे कळले. त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये द्रवांच्या समतोलावरचा त्याचा प्रबंध छापला गेला. त्यात त्याने एक भांडे कल्पिले आहे : दोन तोंडांचे, एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे, दोन्हींत घट्ट दट्ट्या, आत काठोकाठ पाणी. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावील तर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तो तोलून धरील. का, तर पाणी दाबले जात नाही. एका जागी दिलेला दाब ते सगळीकडे सारखा पोहोचवते.

मोटारी आल्या तेव्हा मात्र ब्रेक ओढायला सळया आणि तारा होत्या. चारही चाकांना सारखा जोर बसणे हे नशिबावर. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने १९१७ साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले (त्याचा भाऊ विमाने करणारा), आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. तेव्हापासून पाय आणि चाक यांच्यामध्ये काय आहे, तर बोटाएवढ्या बारीक नळीतले तेल. त्या तेलात हवेचा बुडबुडा शिरला की पाय आधी त्या बुडबुड्याला दाबण्यात खर्च होतो. हवा दबते, लहान होते, पेडल खाली जाते, आणि चाकापर्यंत काही पोहोचतच नाही.

हे मी अण्णांना सांगू शकले नाही. मायला सांगितले. ती सकाळच्या इन्शुलिनची तयारी करत होती. अण्णांची सुई तीच भरते; सिरिंज उभी धरून नखाने टिचक्या मारते, बुडबुडा वर आला की तो बाहेर ढकलते आणि मग टोचते. मी म्हटले, "जरा ती जुनी सिरिंज दे." सुई काढली, साधे पाणी भरले, पुढे बोट दाबून धरले आणि तिला म्हटले, दांडा दाब. दांडा हलला नाही. मग अर्धे पाणी, अर्धी हवा भरली. या वेळी दांडा आत गेला आणि सोडल्यावर उडी मारून परत आला.

मायने ते दोन-तीनदा करून पाहिले. मग म्हणाली, "म्हंजी गाडीच्या सुईत हवा भरली."

पास्कलला इतक्या थोड्या शब्दांत सांगता आले नसते.

"मग टिचक्या कुठं मारायच्या?" तिचा पुढचा प्रश्न.

त्याआधी हवा शिरली कुठून ते पाहायचे होते. बंद नळीत हवा आपण होऊन जात नाही. जिथून तेल बाहेर येते तिथून ती आत जाते. बोनेट उघडून ब्रेक ऑईलची डबी पाहिली. पातळी खालच्या रेघेवर, आणि तेल पाहिले तर उसाच्या काकवीसारखे काळपट. चांगले तेल जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळे असते. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. आपल्या गाडीत असते त्या 'डॉट ३' जातीचे तेल कोरडे असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यातले पाणी उकळते, वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवेचीच बहीण. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावे म्हणतात. आमच्याकडे घाट नाही, म्हणून कोणी बदलले नव्हते. महिन्यापूर्वीच एका तालुक्याच्या गावातल्या गॅरेजात पुढच्या डिस्कचे पॅड बदलून 'ब्रेक नवे केले' असे सांगितले होते. मागचे ड्रम त्यांनी उघडलेही नव्हते, हे नंतर उघडकीला आले.

डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला मला ओल दिसली. धूळ चिकटून तिथे काळा चिखल झाला होता. बोट लावले तर तेलकट. तिथला व्हील सिलिंडर गळत होता.

ड्रम उतरवणे माझ्या आवाक्याबाहेरचे. बसस्टँडजवळ ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना गळ घातली. ते गुरुवारी आले. दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर नवे बसवले. तेलाने भिजलेले शू पुन्हा वापरता येत नाहीत म्हणून तेही जोडीने बदलले. जुना सिलिंडर त्यांनी माझ्या हातावर ठेवला. आतले रबर म्हाताऱ्याच्या हिरडीसारखे झिजले होते. हवा काढायची तेवढी राहिली आणि एवढ्यात त्यांचा फोन वाजला : कुठे तरी भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर अडकला होता. "सांच्याला येतो. तवर गाडी हालवू नका, आता ब्रेकात नुसती हवाच हाये," असे म्हणून ते गेले. हंगामात त्यांची सांज शुक्रवारीही झाली नाही.

इकडे सोमवारी अण्णांची जालन्याला तपासणी. अण्णा म्हणाले, एस. टी.ने जाईन. पण २०२१ च्या दिवाळीपासून सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप अजून पुरता मिटला नव्हता. न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितले होते आणि आपल्या स्टँडवर कुत्री झोपली होती. "मग नाही जात," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात एक प्रकारची सुटकाच होती. तो आवाज ऐकून मी ठरवले की हवा आपणच काढायची.

शनिवारी १६ एप्रिलला हनुमान जयंती होती. गावातल्या मारुतीवर शेंदूर चढत होता आणि आमची मारुती बाभळीच्या ओंडक्यांवर चढली होती. (कोणी हे वाचून करणार असेल तर एक सांगते : नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. खाली ओंडके, उरलेल्या चाकांना दगड.) सामान असे : रिंग पाना, 'डॉट ३' तेलाची अर्ध्या लिटरची नवी बाटली, लोणच्याची रिकामी बरणी, आणि मोठी मायला मागे लावलेल्या सलाईनची पारदर्शक नळी. मायने ती नळी का ठेवली होती कोण जाणे. आपल्याकडे काही टाकत नाहीत, एवढेच त्याचे उत्तर.

प्रत्येक चाकामागे एक लहानसा निपल असतो, त्यातून हवा सुटते. नळीचे एक टोक निपलवर, दुसरे बरणीत थोड्या स्वच्छ तेलात बुडवलेले, म्हणजे बाहेरची हवा परत ओढली जाऊ नये. हे काम एकट्याचे नाही. एकाने पेडलवर बसायचे, एकाने निपलपाशी. माय पेडलवर बसली. लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत ती ड्रायव्हरच्या सीटवर पहिल्यांदाच बसत होती. बसताना तिने स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला.

मी तिला पाठ करून दिले. 'दाब' म्हटले की पेडल सावकाश दाबायचे. 'धर' म्हटले की तसेच धरून ठेवायचे. मग मी निपल पाव आटा ढिला करीन, पेडल आपोआप खाली जाईल, जाऊ द्यायचे, पण पाय उचलायचा नाही. मी निपल बंद केला की 'सोड' म्हणेन, तेव्हाच पाय वर. सगळी गंमत या क्रमात आहे. निपल उघडा असताना पाय उचलला तर जेवढी हवा बाहेर गेली तेवढी आत येते. मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी घ्यायचे, म्हणजे आमच्या गाडीत डावे मागचे. (काही गाड्यांत नळ्यांची जोडणी तिरपी असते, तिथे क्रम वेगळा, पुस्तक पाहावे.)

"दाब." "दाबलं." "धर." "धरलं." निपल ढिला केला. नळीतून फस्सकन काळे तेल आणि पांढरा फेस आला. मी एवढी हरखले की मायला नाव घेऊन हाक मारायचीच राहिले होते. पण पाच-सहा खेपा झाल्या तरी बुडबुडे कमी होईनात. दहा झाल्या, बारा झाल्या. जितकी हवा काढावी तितकी पुन्हा येत होती. शेजारच्या काकू कुंपणावरून पाहत म्हणाल्या, "अगं, पोरीच्या जातीनं गाडीखाली काय लोळायलीस?" मी उत्तर दिले नाही, तोंडात धूळ होती.

अण्णा ओट्यावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. वर्तमानपत्र हातात. बऱ्याच वेळाने पाठीनेच म्हणाले, "बाई, निपल उघडताना तू काय पुटपुटती?"

मी विचार केला. निपल ढिला करताना मी दर वेळी "सोडते" म्हणत होते. स्वतःशीच, सवयीने. आणि मायला ते "सोड ते" ऐकू जात होते. ती बिचारी आज्ञाधारकपणे पाय उचलत होती. मराठी हा माझा विशेष विषय घ्यायचा असे मी तेव्हाच ठरवले होते. एका श्वासाच्या अंतराने क्रियापदाचा कर्ता बदलतो याचे याहून चांगले उदाहरण मला व्याकरणाच्या पुस्तकातही सापडलेले नाही.

मग ठरले की मी निपल उघडताना 'उघडला' म्हणायचे आणि बंद केल्यावर 'सोड'. आणि मायने प्रत्येक शब्दाला परत उत्तर द्यायचे. काम सुरळीत सुरू झाले. फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुड्यांचे मणी झाले, मण्यांतले अंतर वाढले, तेलाचा रंग काकवीवरून चहावर आणि चहावरून फिकट पिवळ्यावर आला. मी एवढी रमले की बोनेटखाली एक डबी आहे हेच विसरले. "पाय एकदम खाली गेला गं," माय म्हणाली, तेव्हा धावत जाऊन पाहिले तर डबी कोरडी. तळाशी दोन छिद्रे दिसत होती आणि त्यातून हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये गेली होती. आता चारही चाके पहिल्यापासून.

मी चाकाला टेकून बसले आणि रडले. थोडेच. मायने पदराने माझ्या तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "ह्यांची सुई मी पयल्या दिवशी तीनदा चुकवली व्हती. तवा कोणी बघत नव्हतं, म्हणून तुला म्हाईत नाही."

अण्णा उठले. वर्तमानपत्र घडी करून ठेवले, बोनेटपाशी येऊन उभे राहिले आणि तेलाची बाटली हातात घेतली. "मी भरत जातो. तुम्ही करा तुमचं." एवढेच. बरणीतले काढलेले तेल मी परत वापरावे म्हणून पुढे केले तर त्यांनी ते बाजूला ठेवायला लावले. त्यात हवा आणि पाणी दोन्ही मुरलेले असते. दोन थेंब पंख्यावर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर सांडले तेव्हा त्यांनीच तांब्याभर पाणी ओतले. ब्रेक ऑईल रंग खाते. गाडीच्या त्या जागी आजही चिंचोक्याएवढा डाग आहे, कारण पहिले थेंब माझे होते आणि पाणी उशिरा पडले.

डावे मागचे, उजवे मागचे, डावे पुढचे, उजवे पुढचे. दुपारी सुरू केलेले काम चुलीच्या वेळेपर्यंत चालले. शेवटी प्रत्येक नळीतून सलग, बिनबुडबुड्यांचे तेल आले. मी गाडीत बसून पेडल दाबले. चांगले होते, उशी गेली होती. पण पहिला दाब अजूनही थोडा खोल जात होता. मी हताश होऊन अण्णांकडे पाहिले.

"नवे शू हाएत ना? ड्रमला बसायचेत अजून ते. दहा-पंधरा वेळा जोरात दाब."

दाबले. मागून कट्कट् असा बारीक आवाज आला आणि दर दाबाला पेडल कणाकणाने वर चढले. फट भरून निघत होती. हे त्या फाटक्या पुस्तकातही लिहिले होते, पण ते पान माझ्याकडून सुटले होते. मी चाके लावली, ओंडके काढले, आणि गाडी अंगणातल्या अंगणात चालण्याच्या वेगाने पुढे घेऊन ब्रेक लावला. थांबली. पुन्हा घेतली, पुन्हा थांबली.

मग मी उतरले आणि दार उघडे ठेवून बाजूला झाले. कोणी काही बोलले नाही. देव्हाऱ्यातली किल्ली गेले सहा दिवस माझ्याकडेच होती, ती गाडीला लागलेली होती.

अण्णा आत बसले. चप्पल काढली. उजवा पाय पेडलवर ठेवला, अगदी हलका, आणि डोळे मिटले. जालन्याला डॉक्टरांपुढे मिटले होते तसे. दाबले, सोडले. दाबले, धरून ठेवले. मला तो दोरा आठवला. त्यांच्या तळव्याला नेमके काय कळत होते आणि काय गुडघ्याला, मांडीला कळत होते, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यानंतर दिवसा तेच गाडी चालवतात आणि अंधार पडल्यावर मी, असा करार झाला, लायसन्स निघाल्यावर. पण तो पुढचा भाग.

"डावं मागचं अजून एकदा काढ," अण्णा म्हणाले. "बारीक हाये काहीतरी."

मी पुन्हा जॅक लावला, ओंडके सारले, नळी बसवली. माय शेजारच्या सीटवरून उतरायला लागली, तर अण्णा म्हणाले, "राहू दे. मी दाबतो."

"दाबा." "दाबलं." "धरा." "धरलं." "उघडला."

नळीतून स्वच्छ तेल आले आणि त्याच्यामागून मोहरीएवढा एकच बुडबुडा. तो हळूहळू नळीतून सरकत बरणीत गेला. एवढासा बुडबुडा पायाला कळणे शक्य नाही, हे मला ठाऊक आहे. मी निपल घट्ट केला आणि ओरडून सांगितले, "होता! एक होता!"

"म्हटलं ना," अण्णा म्हणाले.

"चप्पल घाला आधी," माय म्हणाली.